खरं म्हणजे पण

पहिल्या दिवशी भाषेत अकराच शब्द होते.
तेवढ्यात लेथ फिरतो, भोक पडतं, दांडा कापला जातो,
संध्याकाळी किती नग झाले ते कळतं.
बारावा शब्द मी मुद्दाम ठेवला नाही.
त्याच्या जागी दार ठेवलं:
ज्याला जसं म्हणायचंय त्याने तसा नियम वर लिहावा
आणि खाली तसं बोलावं.

उद्यमबागेत, बिर्ज्यांच्या शेडच्या माळ्यावर
हे चाललं होतं.
कूलंटचा वास जिना चढून यायचा
आणि कीबोर्डच्या फटींत बसायचा.
"काय करायलीस गं दिवसभर?" यल्लाप्पामामा विचारायचे.
भाषा करते, मामा.
"आणि एक?"

पहिला नियम त्यांनीच मागितला.
व्यास माप खरं घाई करू नको.
पार्सर अडला.
माझ्या अकरांत खरं म्हणजे सत्य,
शून्य नव्हे ते, दिवा लागतो ते.
मामांचं खरं म्हणजे पण.
येतो खरं उशीर होईल. जेवलो खरं भूक हाय.
मीही असंच बोलायची,
पुण्याच्या होस्टेलात चार वर्षं हसू होऊन
गुपचूप दुरुस्त झाले तोवर.
तीच दुरुस्ती आता एरर होऊन समोर:
ओळ सात, रकाना बारा.

रात्री अग्रक्रम मांडले.
दोन क्रियापदांच्या मधे आलं तर पण,
एकटं आलं तर सत्य.
'खरं खरं' लागोपाठ आलं तर?
ते अजून सुटलेलं नाही.

मग दुसऱ्या पाळीची गंगव्वा मड्डीमनी.
तिचं लूप: साकु अन्नो तनक.
पुरे म्हणेपर्यंत फिर.
खानापूरच्या कैतानने 'पुरो' घातलं, एका मात्रेचा फरक.
एका चाकाला थांबायला तीन शब्द झाले,
आणि तिघांचंही क्रियापद शेवटी,
त्यामुळे ओळ संपेतो श्वास धरून बसणाऱ्या माझ्या पार्सरला
नवीन काही शिकावं लागलं नाही.

नियमाला हद्द हवी,
एकाचा नियम दुसऱ्याच्या फायलीत सांडू नये,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
आमच्या नाक्यावरच्या पाटीवर
रंगाचे इतके थर आहेत की पत्रा जाड वाटतो.
खरं मशीन एकच.
सकाळी मामा, दुपारनंतर गंगव्वा,
फाईलही एकच, तेलकट बोटांची.

एका बुधवारी ओळ आली:
धार बरी.
मामांच्या नियमाने: धार ठीक आहे, पुढे चल.
गंगव्वाच्या नियमाने: बरी, म्हणजे लिही,
धारेचं माप नोंदव.
दोन झाडं उभी राहिली एकाच बीजातून,
दोन्ही निर्दोष.
एकाला वरचा नंबर द्यायला
मला एक आकडा बदलावा लागला असता. नुसता एक.
बोट ठेवलंही होतं.

त्याऐवजी मी कंपायलरला प्रश्न विचारायला लावलं.
दोन्ही अर्थ छाप, म्हटलं, आणि थांब.
मशीन थांबलं.
बिर्जेसाहेब माळ्यावर आले, घड्याळ दाखवून गेले.

पाळी बदलताना ती दोघं पडद्यासमोर उभी होती.
मामा मराठीत बोलत होते, ती कानडीत,
हातवारे मायक्रोमीटरचे.
मग तिने एका बोटाने टाइप करायला घेतलं.
नियम झाला चार ओळींचा.
मला त्यातली दीड कळली.

कंपायलरला सगळ्या कळल्या.
चाक फिरलं, पहिला छिलका निघाला, निळसर, कुरळा,
आणि धार बरी, दोन्ही अर्थांनी:
ठीकही होती, नोंदही झाली.

भाषा माझी. अकरा शब्द माझे.
मी जिन्यावर उभी राहून वाचत होते,
परक्या गावच्या बसचा बोर्ड वाचावा तसं,
एकेक अक्षर जुळवत.
"कळलं न्हवं?" मामा खालून म्हणाले.

कळलं खरं,
मी म्हटलं.